वाघमोडे बटण

वाघमोडे,

कंपनीतल्या जुन्या लोकांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर तुमच्याबद्दल लिहायला मला सांगण्यात आलं. "मॅडम, तुम्ही त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त वर्षं काढलीत, तुम्हीच लिहा." लिहिलं. मनमिळाऊ, हरहुन्नरी, शब्दाला जागणारे. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. तुम्ही वाचलं असतं तर म्हणाला असतात, "जोशीबाई, ह्यो कोन मानूस हाय? वळख करून द्या की." तुम्ही मनमिळाऊ नव्हता. भांडखोर होता, बढाईखोर होता, आणि आपलं चुकलं हे कबूल करतानासुद्धा ते इतक्या मोठ्यानं करायचात की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणाचा तरी सत्कार चाललाय.

हे दुसरं लिहिणं त्या ग्रुपवर जाणार नाही. हे तुम्हाला आहे.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी डाळ निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली डाळ निवडून टाकली. रडू आलं नाही. ते दोन-चार दिवसांनी आलं, तेही रिक्षात, मुकुंदवाडीच्या सिग्नलला, जिथून तुम्ही कंपनीच्या बसमध्ये चढायचात. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि गाण्याचा आवाज कमी केला. एवढंच. मी काही फार रडणारी बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्याला "थंड डोक्याची" म्हणायचात आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. ते कुणी ऐकलं तर हसेल, कारण ते एका मशीनवरून होतं, आणि ते मशीन भंगारात जाऊनसुद्धा जमाना झाला. पण तुम्हीच राहिला नाहीत म्हटल्यावर ते भांडण आता माझ्या एकटीच्या अंगावर पडलंय, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे. तरी ऐका. तुम्ही मला कधी पूर्ण बोलू दिलं नाहीत.

वाळूजच्या त्या कारखान्यात आपण दोघं बरोबरच लागलो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि वाळूज म्हणजे अर्धी शेतं, अर्ध्या शेड. रोज कुठल्या तरी शेतात नव्या कंपनीचा बोर्ड उभा राहायचा. आपली कंपनी स्कूटरचे सुटे भाग करायची. कॉम्प्युटर विभाग म्हणजे एक थंड खोली, खोलीत कपाटाएवढं युनिक्सचं मशीन, आणि त्या मशीनला तारांनी जोडलेली टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. एक स्टोअरमध्ये, एक डिस्पॅचला, एक खरेदीत, असं. सगळं डोकं त्या एका मशीनमध्ये. ते बसलं की कंपनी बसली. चपला बाहेर काढून आत यायचं हा नियम होता. तो धुळीसाठी होता की भक्तीसाठी, हे खंडेनवमीला तुम्ही मशीनला झेंडूचा हार घातलात तेव्हा मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "दोन्हीसाठी. नारळ मात्र भायेर फोडा, पानी उडंल."

मी गणिताची पदवी आणि पुण्याचा कोर्स घेऊन आलेली. तुम्ही पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि तुमच्या गावचा, शेंद्र्याचा आवाज घेऊन आलेले. शेंद्र्याचा आवाज म्हणजे मेंढरं एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलवायचा आवाज. इंटरकॉमची तुम्हाला खरं तर गरज नव्हती.

वाळूजला तेव्हा वीज म्हणजे पाहुणी. आठवड्यातून एक-दोनदा तरी झपकन जायची आणि यायची. आपल्या मशीनला बॅटरी होती, टर्मिनलांना नव्हती. त्यामुळे वीज गेली की मशीन जिवंत राहायचं आणि टर्मिनलं कोरी व्हायची. वीज आली की पडदा काळा, नुसता ठिपका लुकलुकतोय. ऑपरेटर घाबरायचे, फोन करायचे, आपण धावायचो. कंटाळून तुम्ही एक बटण बसवलंत. पडदा कोरा दिसला की वरच्या रांगेतलं शेवटचं बटण दाबायचं, प्रोग्राम परत समोर हजर. अख्ख्या कंपनीत त्याचं नाव पडलं 'वाघमोडे बटण'. वर्क्स मॅनेजरसाहेबांनी चार लोकांत तुमची पाठ थोपटली. आठवडाभर तुम्ही ती पाठ घेऊन फिरत होतात. कँटीनमध्ये रांगेत उभं राहतानासुद्धा तुम्ही जरा तिरके उभे राहायचात, लोकांना पाठ दिसावी म्हणून. हे मी तेव्हाही म्हणाले होते, आताही म्हणते.

आणि त्यानंतर काही दिवसांनी मशीन अडायला लागलं.

पडायचं नाही, अडायचं. चार-सहा दिवस चांगलं चालायचं, मग जड व्हायचं, मग एखाद्या सकाळी कुणालाच आत घ्यायचं नाही. जागा नाही, असा निरोप यायचा. डिस्पॅचचं चलन निघायचं नाही. गेटवर ट्रक उभे, ड्रायव्हर टायरला टेकून विड्या ओढताहेत, आणि साहेब आपल्या दारात. बंद करून परत चालू केलं की मशीन एकदम ताजंतवानं. मी म्हणाले, मग दर शनिवारी बंद-चालू करू, विषय संपला. तुम्ही म्हणालात, "मंजे रोग्याला रोज उचलून उभं करायचं, आन दुखतंय कुठं ते इचारायचंच नाय?" मी म्हणाले, कंपनीला चलन निघण्याशी मतलब आहे. तुम्ही म्हणालात, "कंपनीला असंल." हे आपलं पहिलं भांडण. यात मी बरोबर होते असं मला अजूनही वाटतं. निदान त्या महिन्यापुरतं.

ते दिवसच तसे होते. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला. आज मोर्चा, उद्या बंद, परवा कुठल्या गावात काय झालं याची बातमी. कंपनीच्या बसच्या खिडक्यांना जाळ्या बसल्या होत्या. बसमध्ये त्या विषयावर कुणी बोलायचं नाही, आणि सगळे त्याच विषयावर गप्प असायचे. आमच्या घरी तर वडील खिडकी लावून घेऊन मगच मत द्यायचे. मी एकदा तुम्हाला हळूच म्हणाले होते, नाव बदलून काय होणार, शिकवणं सुधारा की. तुम्ही तुमच्या त्या बांधावरच्या आवाजात म्हणालात, "मंग उद्यापासून मस्टरवर तुमचं नाव बदलू का? काय हुतंय नावानं?" सगळ्या बसनं मागं वळून बघितलं. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही स्वतः कुठल्या मोर्चात गेला नव्हता. पण गावात एकदा पारावर बोलून बसलात, "देऊ द्या की नाव, आपलं काय जायलंय," आणि चुलत्यानं तुमच्या घरचं पाणी घेणं सोडलं. हे तुम्ही मला सांगितलंत तेही असं, जणू चुलत्याची फजिती सांगताय.

मोर्चात जायची ती सुमन साळवे. स्टोअरची ऑपरेटर, भीमनगरहून यायची. टायपिंगची परीक्षा दिलेली, पहिली नोकरी, अजून कायम व्हायची होती. घरात पगार आणणारी ती एकटी. मोर्चाला रजेचा अर्ज देऊन जायची, अर्जात कारण खरं लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी बसलेल्या घशानं कामावर हजर. कामात एक चूक नाही. तिच्या जागेवर धूळ नसायची. जुन्या साडीचं कापड शिवून तिनं टर्मिनलला झाकण केलं होतं. इतकं टापटिपीचं माणूस मला स्वतःला जरा बोचायचं, खरं सांगते.

मशीन परत अडलं त्या सकाळी बंद करायच्या आधी मी त्याला विचारलं, आत्ता कोण कोण काम करतंय? त्यानं पडद्यावर नावं ओतली. खरेदी एकदा, डिस्पॅच एकदा-दोनदा, आणि मग सुमन, सुमन, सुमन, सुमन. स्टोअरचा एकच प्रोग्राम तिच्या नावावर कितीदा तरी उघडलेला. प्रत्येकानं आपल्या फायली उघड्या धरून ठेवलेल्या. मशीन एका वेळी ठरावीकच फायली उघड्या ठेवू शकतं. त्या संपल्या की दार बंद. साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते.

"कोणाचं नाव आहे हे?"

"सुमन साळवे. स्टोअर."

"ती मोर्चेवाली?"

मी म्हणाले, "स्टोअरची ऑपरेटर." साहेब म्हणाले, "हे असं आपोआप होत नसतं, मॅडम. महिनाअखेर तिची मुदत संपतेय. पुढे नको. कारण लिहायचं काही कारण नाही. आणि याची वाच्यता नको." साहेब वाईट गृहस्थ नव्हते. कामगारांच्या मुलांना वह्या वाटायचे. त्यांना गेटवर ट्रक दिसत होते आणि पेपरात मोर्चे दिसत होते, आणि त्यांनी दोन्हींची गाठ मारली. मी फक्त तुम्हाला सांगितलं. म्हणजे ही गोष्ट तिघांना माहीत झाली.

साहेबांसमोर नाव काढलं म्हणून तुम्ही आधी मला झापलंत. मग म्हणालात, "पोरगी असं करनार नाय." मी म्हणाले, पुरावा पडद्यावर आहे. "पुरावा नाय तो, पत्ता हाय. घर तिचंय. आत कोन बसलंय ते बघाया लागंल."

आणि तुम्ही बघायला बसलात. खरोखर बसलात, स्टोअरमध्ये तिच्या शेजारी स्टूल टाकून, पहिली पाळी सुरू झाल्यापासून. तिला काहीच सांगितलं नाहीत. "मशीन कुठं अडतंय ते बघायलोय, तू तुझं काम कर." ती बिचारी आखडून बसली. मी थंड खोलीत मशीनसमोर. दिवसभर काही नाही. एक सुमन, तिचा एक प्रोग्राम. वीज गेली नाही, त्या दिवशी नेमकी तीही शहाण्यासारखी वागली.

पाळी सुटली. बसनं हॉर्न दिला. त्या दिवसांत बस थांबायच्या नाहीत, वाटेत काय होईल सांगता यायचं नाही, म्हणून सगळे धावत सुटायचे. खरेदीचा ऑपरेटर, डिस्पॅचचा, सगळे पडदे तसेच चालू टाकून पळाले, दुसऱ्या पाळीच्या माणसानं तिथूनच पुढं सुरू केलं. स्टोअरला दुसरी पाळी नव्हती. आणि भिंतीवर साहेबांच्या सहीची सूचना होती, घरी जाताना आपापले दिवे, पंखे व यंत्रे बंद करावीत. ती सूचना अख्ख्या कंपनीत एकच माणूस पाळत होतं. सुमननं टर्मिनलचं मागचं बटण खट्कन बंद केलं, पडदा पुसला, कापड घातलं, पंखा बंद केला आणि मग धावली.

तिच्या लेखी काम संपलं होतं. मशीनच्या लेखी ती अजून बसलेली होती. तारा अशा जोडलेल्या होत्या की टर्मिनल बंद झालं हे त्याला कळायची सोयच नव्हती. ते तिचा प्रोग्राम उघडा धरून तिची वाट बघत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही परत स्टुलावर. तिनं कापड काढलं, टर्मिनल चालू केलं. पडदा कोरा. तिनं जराही न थांबता वरच्या रांगेतलं शेवटचं बटण दाबलं. तुम्ही शिकवलेलं. माझ्यासमोर एका सुमनच्या दोन झाल्या.

इंटरकॉम वाजला. "किती?"

"दोन."

फोन ठेवल्याचा आवाजसुद्धा हळू आला. मग तुम्ही थंड खोलीत आलात, चपला घालूनच आलात, आणि खुर्चीवर बसून म्हणालात, "माझंच बटन."

तुमचं ते लाडकं बटण जुना प्रोग्राम समोर आणत नव्हतं. त्याच्या डोक्यावर नवा उघडत होतं. खालचा तसाच, फायली उघड्या धरून, कुणी उठवायची वाट बघत. वीज गेली की सगळ्यांचंच एखाददुसरं साठायचं, सुमनचं रोज साठायचं, कारण ती रोज सूचना पाळायची. तुम्ही पडद्याकडे बघत म्हणालात, "मेलेल्या मेंढरांना बी चारा टाकायलंय बघा हे. आन मग म्हनतंय चारा संपला." मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

संध्याकाळच्या आत तुम्ही बटण बदललंत. आता ते नवं काही उघडायचं नाही, असलेलाच प्रोग्राम पडद्यावर पुन्हा काढून दाखवायचं. एवढंसं काम. मी म्हणाले, झालं, सुटलो. साहेबांना सांगू, प्रोग्राममध्ये दोष होता, काढला.

"आन ती?"

"दोष सापडला म्हणजे ती सुटलीच की."

"साहेबाच्या डोक्यातून सुटली का?"

"मग केबिनमध्ये जा आणि सांगा, तिचा संबंध नाही म्हणून. नीट समजावून सांगा. पण आपलं बटण आपलं बटण करत बसू नका. इन्चार्जची जागा निघतेय, तुमचं नाव पुढं आहे. निस्तरलंय ना सगळं? मग कशाला ओढवून घेताय?"

हे माझं म्हणणं होतं. ते चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि नंतरही कित्येक वर्षं वाटलं नाही. तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटायची, कारण तुम्ही गप्प बसायचात ते फक्त आवाज साठवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग. शॉपफ्लोअरवर सगळे उभे, स्टोअर, डिस्पॅच, खरेदी, सुपरवायझर, समोर साहेब. उत्पादनाचे आकडे वाचून झाले आणि तुम्ही हात वर केलात, शाळेतल्यासारखा.

"साहेब, मशीन कोन बंद पाडायलंय ते घावलं."

साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"मी," तुम्ही म्हणालात. "माझ्या बटनानं. जे तुमी शाबासकी दिली, ते."

कुणीतरी हसलं. मग तुम्ही सुरू झालात. बटण काय करत होतं, मशीनचं पोट कसं भरत होतं, ट्रक कुणामुळं उभे होते, सगळं हातवारे करून. मध्येच म्हणालात, "पाठ थोपटली ती वापस घ्या, साहेब, मी वळतो हिकडं," आणि खरंच वळलात. अख्खा फ्लोअर हसला. सुमन पदर तोंडाला लावून हसत होती. तुम्ही एकदाही तिचं नाव घेतलं नाहीत. स्टोअरचंसुद्धा नाव घेतलं नाहीत. मला वाटलं, हा माणूस आपल्या चुकीचासुद्धा तमाशा करतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

साहेब शेवटी म्हणाले, "वाघमोडे, हे मला केबिनमध्ये येऊन सांगता आलं असतं."

"व्हय साहेब. पन बंद सगळ्यांचं पडत व्हतं."

महिनाअखेर सुमन कायम झाली. इतक्या लोकांसमोर कारण फुटल्यावर साहेबांच्या हातात दुसरं काही उरलं नव्हतं. इन्चार्जची जागा मला मिळाली. मी ती घेतली. नाकारायचं काही कारण नव्हतं आणि तुम्हीच पहिल्यांदा पेढे मागायला आलात. त्यानंतर तुम्ही निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखाली होतात, म्हणजे कागदावर.

बसमध्ये मी विचारलं होतं, केबिनमध्ये का नाही सांगितलं? तुम्ही जाळीतून बाहेर बघत म्हणालात, "तुमाला नाय कळायचं, जोशीबाई." त्याचा मला इतका राग आला होता की काय सांगू. नाय कळायचं म्हणे! मग ते बटण जन्माचं तुमच्या मागं लागलं. फॅक्स बिघडला तरी लोक विचारायचे, "वाघमोडे बटण दाबलं का कुणी?" कँटीनमध्ये चहा संपला तरी तेच. नवीन लागलेली पोरंसुद्धा म्हणायची, त्यांना कारण माहीत नसताना. सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच हसायचात. मला वाटायचं, घ्या आता, हौस होती ना.

विद्यापीठाच्या नावाचं पुढं जे व्हायचं ते झालं. सुमननं पेढे आणले होते. कुणी घेतले, कुणी उगाच काम काढून बसलं, ते आपण दोघांनीही बघितलं. तुम्ही डब्यातून दोन उचललेत, एक तोंडात टाकलात, दुसरा माझ्या हातावर ठेवलात. "ह्यो जोशीबाईचा." मी खाल्ला. पेढा चांगला होता.

आणि माझे वडील दवाखान्यात होते तेव्हाचं तर मी तुम्हाला कधी बोललेच नाही. तुम्ही रोज यायचात आणि त्यांच्याशी भांडायचात. ज्या विषयावर ते आयुष्यभर खिडकी लावून बोलले, त्या विषयावर तुम्ही वॉर्डात त्यांच्याशी हुज्जत घातलीत, आणि आजूबाजूचे पेशंट उशीवर कोपर टेकवून ऐकत होते. मी तुम्हाला गप्प करायला निघाले तर वडील म्हणाले, "बोलू दे त्याला. हा एकटाच मला आजारी समजत नाही." हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. राहून गेलं.

शेवटचे तुम्ही पुंडलिकनगरला माझ्याकडे आलात, हातात शेतातल्या मेथीच्या दोन जुड्या. बिनसाखरेचा चहा मागितलात, एक घोट घेतलात आणि म्हणालात, "जरा टाकाच." मी साखर टाकताना परत तो विषय काढला. म्हणाले, तेव्हा केबिनमध्ये गेला असता, तर इन्चार्ज तुम्हीच झाला असतात. तुम्ही वैतागलात. "मशीन भंगारात गेलं, साहेब वर गेला, तुमी अजून तिथंच बसल्यात व्हय? सोडा की आता." मग सुनेची तक्रार केलीत, गुडघ्यांची केलीत, आणि गेलात. मला वाटलं, पुढच्या वेळी बघू.

काल शेंद्र्याला तुमच्या दहाव्याला आले. तुमच्या दाराबाहेर मांडव, समोर एमआयडीसीचा रस्ता, त्यावरून कंटेनर जाताहेत. बायका आत बसल्या होत्या. सुमनही आली होती. केस पांढरे झालेत, अंगानं भरलीय, आजी झालीय. कंपनीतून मानानं निवृत्त झाली. माझ्याजवळ येऊन बसली, थोडा वेळ रडली, आणि मग डोळे पुसून तुमच्या सुनेला सांगायला लागली.

"तुझ्या सासऱ्यानं एकदा अख्खी कंपनी बंद पाडली व्हती, म्हाईतंय का? लई येडं काम केलं व्हतं." सुनेला माहीत नव्हतं. आजूबाजूच्या बायका सरकून जवळ आल्या. सुमननं सगळं सांगितलं, बटण, ट्रक, मीटिंग, तुम्ही पाठ कशी वळवलीत. दहाव्याच्या घरात बायका हसल्या. मग ती आवाज जरा खाली आणून म्हणाली, "पन ते घावलं कुनामुळं? माझ्यामुळं. वाघमोडेसाहेब मीटिंग झाल्यावर माझ्या टेबलाशी आले व्हते. म्हनले, सुमन, कंपनीत तू एकटी रोज मशीन नीट बंद करतीस, म्हनून मला चूक घावली. दुसरं कुनी असतं तर जन्मात घावली नसती. तुझे उपकार हायेत माझ्यावर." तिनं ते म्हणताना मान ताठ केली. "माझी पहिली नोकरी व्हती ती. मला लई वाटलं. घरी जाऊन आईला सांगितलं. पोरांना सांगितलं. आता नातीला बी सांगते."

वाघमोडे, तिला काहीच माहीत नाही. तिच्यावर काय आलं होतं, महिनाअखेर काय होणार होतं, तुम्ही हात का वर केलात, काहीच नाही. इतक्या वर्षांत तुम्ही तिला एका शब्दानं कळू दिलं नाहीत. उलट जे बोट तिच्याकडे दाखवलं गेलं होतं, त्याची तुम्ही तिला शाबासकी करून दिलीत. केबिनमध्ये गेला असता तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं. नाव एकदा निघालं असतं की ते कंपनीभर फिरलं असतं. आणि मी इतकी वर्षं तुम्हाला विचारत होते की तुम्ही एवढ्या मोठ्यानं का बोललात.

सुमन माझ्याकडे वळली. सून बघत होती, बायका बघत होत्या.

"व्हय ना, मॅडम? तुमी तर व्हत्या तिथं. माझ्यामुळंच घावलं ना ते?"

साहेब गेले, तुम्ही गेलात. आता ते माहीत असलेली मी एकटीच त्या खोलीत बसले होते.

"हो," मी म्हणाले. "तुझ्यामुळंच."